ठाऊक असलेल्या शेवटाची गोडी

ज्या गोष्टीचा शेवट पहिल्या दहा मिनिटांत कळून चुकतो ती गोष्ट शहाण्यासुरत्या माणसाने दीड-दोन तास बसून का पाहावी, असा प्रश्न किशोरवयीनांसाठी निघणाऱ्या अमेरिकन नृत्यपटांविषयी नेहमी विचारला जातो, आणि त्याचे उत्तरही नेहमी एकाच तुच्छतेने दिले जाते. पाहणारे वय अजाण आणि काढणारे धंदेवाईक, म्हणून हे चालते, एवढेच त्या उत्तराचे सार असते. हे उत्तर आम्हांस आळशीपणाचे वाटते. धंदा त्यात आहे, हे कोण नाकारतो? परंतु नुसत्या धंद्याने माणसे एकच गोष्ट पाच-सात वेळा पाहत नाहीत. हे चित्रपट मात्र शेवट पाठ असतानाही पुन्हापुन्हा पाहिले जातात, हे ज्यांच्या घरात पंधरा-सोळा वर्षांची मुलगी आहे त्या वाचकांस सांगावयास नको. मागच्या खोलीचे दार लोटलेले असते, तेच गाणे पुन्हा लागते, आणि आपण बाहेर फायली चाळीत बसलेलो असतो.

या प्रकाराचा सांगाडा एकदाच सांगून टाकू, म्हणजे पुढे अडचण नको. नायिका, क्वचित नायक, सतरा-अठरा वर्षांची असते. अंगात नाच असतो, पण तो बहुधा रस्त्यावर किंवा बारमध्ये उचललेला; शास्त्राची दीक्षा झालेली नसते. समोर एखादी मान्यवर संस्था असते आणि तिचे दार जड असते. मग समाजाच्या दुसऱ्या थरातला जोडीदार भेटतो. एकाजवळ शास्त्र, दुसऱ्याजवळ जोम. दोघे परस्परांस शिकवतात, प्रेमात पडतात, चित्रपट दोनतृतीयांश सरला की गैरसमजाने दुरावतात. अखेरीस स्पर्धा, प्रवेशचाचणी किंवा वार्षिक प्रयोग येऊन ठेपतो, त्यात दोन्ही शैली एक होतात, आणि सभागृह उभे राहून टाळ्या वाजवते. 'फ्लॅशडान्स' (१९८३), 'सेव्ह द लास्ट डान्स' (२००१), 'स्टेप अप' (२००६), कोणताही घ्यावा. पिट्सबर्गच्या जागी शिकागो येते आणि शिकागोच्या जागी बाल्टिमोर.

आता गंमत अशी की, नाट्यशास्त्रात कार्याच्या ज्या पाच अवस्था सांगितल्या आहेत, म्हणजे आरंभ, यत्न, प्राप्त्याशा, नियताप्ती आणि फलागम, त्या या चित्रपटांवर अशा चपखल बसतात की हॉलिवूडच्या पटकथाकारांनी भरतमुनीची शिकवणी लावली होती की काय, अशी शंका यावी. फलागम या शब्दातच फळ मिळणार हे सांगून टाकलेले आहे. आपल्या जुन्या प्रेक्षकास नायकाला फळ मिळते की नाही याची धास्ती नव्हतीच. सीतास्वयंवराच्या आख्यानाला बसलेल्या श्रोत्याला धनुष्य कोण मोडणार हे ठाऊक असे. रावण ते उचलताना कसा फजीत होतो आणि बुवा ते कसे रंगवतात, एवढ्यासाठी तो बसलेला असे. कुतूहल आणि प्रतीक्षा या दोन निराळ्या वृत्ती आहेत. कुतूहल एकदा शमले की संपते. प्रतीक्षेचे तसे नाही. जे येणार हे निश्चित आहे त्याचीच प्रतीक्षा करता येते, आणि ती पुन्हा करता येते. ख्याल ऐकणाऱ्याला सम कोठे आहे हे माहीत असते. गायक तानांच्या ओघात कितीही दूर गेला तरी तो त्या मात्रेवर येणार, आणि आपली मान त्या मात्रेवर हलणार, हे त्याने गृहीत धरलेले असते. समेवर येणे अटळ आहे म्हणून कोणी मैफल सोडून उठत नाही.

नृत्यपटातील कथानक हे आमच्या मते ठेक्याचे काम करते. ठेका धरणाऱ्याने मध्येच आपली चमत्कृती दाखवू लागावे, अशी अपेक्षा कोणी ठेवीत नाही. त्याने स्थिर राहावे, म्हणजे वरच्या माणसाला मोकळीक मिळते. पुढे काय होणार या चिंतेतून प्रेक्षकाचे मन सुटले की ते एका माणसाच्या देहाकडे लागते: कालपर्यंत जे पाऊल चुकत होते ते आज पडते की नाही, तोल राहतो की जातो. तेव्हा कथा ठरीव आहे हा आक्षेप या प्रकाराला लागू पडत नाही. विचारायचे ते हे की, एवढा स्थिर ठेका मिळाल्यावर त्यावर खरोखर कोणी नाचले काय?

या कसोटीला पहिला बळी पडतो तो 'फ्लॅशडान्स', आणि तोच या प्रकारातील सर्वांत गाजलेल्या चित्रपटांपैकी एक असावा हे दुर्दैव. ॲलेक्स ही अठरा वर्षांची मुलगी दिवसा वेल्डिंगचे काम करते, रात्री बारमध्ये नाचते आणि पिट्सबर्गच्या नृत्यसंस्थेत प्रवेश मिळावा म्हणून झुरते. चित्रपटाचा सारा भर तिच्या स्वावलंबनावर आहे; जे मिळवायचे ते आपल्या घामाने. आणि शेवटची ती प्रवेशचाचणी? जेनिफर बील्स ही नटी तेथे प्रामुख्याने चेहऱ्यापुरती आहे. नाच मरीन जहान या नर्तिकेचा, हवेतील झेप एका जिम्नॅस्ट मुलीची, आणि पाठीवर गरगर फिरण्याचा तो प्रसिद्ध क्षण 'क्रेझी लेग्ज' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ब्रेकडान्सर तरुणाचा, डोक्यावर केसांचा टोप चढवून दिलेला. चित्रपटाच्या धंद्यात ज्याला 'डुप्लिकेट' म्हणतात त्या योजनेत स्वतः काही पाप नाही. घोड्यावरून पडणारा नट खरा नसतो हे आपण सहन करतोच. परंतु जेथे कथेचा एकमेव आशय 'हे तिने स्वतः केले' असा आहे, तेथे ते दुसऱ्या तिघांनी करणे म्हणजे हुंडी लिहून देऊन दिवाळे काढण्यासारखे आहे. त्यात मरीन जहान हिचे नाव चित्रपटाच्या श्रेयनामावलीत नव्हते. कष्टाने नाव मिळते असे सांगणाऱ्या चित्रपटात जिने कष्ट केले तिचेच नाव नाही! दिग्दर्शक ॲड्रियन लाइन यांनी ही लबाडी लपविण्यासाठी जे केले तेच पुढे या प्रकाराचे व्यसन झाले: पायाचा एक तुकडा, केसांचा एक तुकडा, घामाचा थेंब, पुन्हा पाय. देह असा खंडशः दाखविला की त्यातून नाच उरत नाही, नाचाची जाहिरात तेवढी उरते.

याउलट, फ्रेड ॲस्टेअर १९३० नंतरच्या दशकात आपल्या नृत्यात संपूर्ण देह चौकटीत राहावा आणि शक्य तितका वेळ कात्री लागू नये, याविषयी किती काटेकोर होता हे सर्वश्रुत आहे. 'सॅटर्डे नाइट फीव्हर' (१९७७) मधील जॉन ट्रॅव्होल्टानेही आपले एकट्याचे नृत्य क्लोजअपांत चिरफाडलेले पाहून ते आपादमस्तक दिसलेच पाहिजे असा हट्ट धरला होता. त्याने त्यासाठी महिनोन्महिने तालीम केली होती, आणि ती पाहणाऱ्यास दिसावी एवढीच त्याची मागणी होती. तो हट्ट कलावंताच्या अहंकाराचा होता असे कोणी म्हणेल. असेना का! त्या अहंकारामुळेच ते नृत्य आज पाहवते. (हा चित्रपट खरे तर आमच्या विषयाच्या सीमेवरचा, त्यातील टोनी बक्षीस मिळाल्यावर ते आपल्याहून चांगल्या नाचणाऱ्या पोर्टो रिकन जोडीला देऊन टाकतो, आणि फलागमाचा सारा हिशेब उधळून लावतो.)

ठरीव कथा आणि खरा नाच यांचा मेळ ज्या एका चित्रपटात आम्हांस पुरता जमलेला वाटतो तो म्हणजे 'डर्टी डान्सिंग' (१९८७). नाव सवंग आहे. पुष्कळ सज्जनांनी केवळ नावामुळे तो टाळला असेल. काळ १९६३ चा उन्हाळा. न्यूयॉर्क राज्यातील कॅट्सकिल डोंगरात सुखवस्तू कुटुंबे हवापालटास येतात अशा एका विश्रामस्थानी एक डॉक्टर बायको व दोन मुलींसह उतरतात. धाकटीला सगळे 'बेबी' म्हणतात; जगाचे भले करावे असे तिच्या मनात आहे, आणि जगाचा तिला गंधही नाही. तेथील नृत्यशिक्षक जॉनी हा नोकरवर्गातला. यापुढचे सर्व वाचकांनी वरच्या सांगाड्यावरून ओळखावे. ओळखलेले बरोबर निघेल.

एक झेप आहे. नायिकेने धावत यावयाचे आणि नायकाने तिला त्या वेगातच डोक्यावर उचलून धरावयाचे. ('उचल' हा शब्द कचेरीत निराळ्या अर्थाने रूढ असल्यामुळे येथे वापरावयास आमचे मन धजत नाही.) ही झेप चित्रपट तीनदा आपल्यासमोर आणतो. प्रथम तळ्याच्या पाण्यात, जेथे पडले तरी लागत नाही. मग दुसऱ्या एका हॉटेलातील प्रयोगात, जेथे बेबी ऐन वेळी कचरते आणि वेळ मारून नेते. तिसऱ्यांदा अखेरीस. तिसऱ्यांदा जमणार हे कोणास ठाऊक नसते? तरी ती जॉनीच्या हातांवर स्थिर होते त्या क्षणी पाहणाऱ्याचा श्वास अडकतो. चित्रपटाने आपल्याला आधी पाणी दाखविले आहे, मग भीती दाखविली आहे. त्या दोन्हींचे वजन ती वर जाते तेव्हा आपल्याला जाणवते. आश्चर्याच्या धक्क्याने असा श्वास अडकत नसतो. पॅट्रिक स्वेझी हा नृत्यशिक्षिकेचा मुलगा, बॅलेची रीतसर तालीम झालेला. जेनिफर ग्रे त्या मानाने नवखी. हे अंतर दिग्दर्शक एमिल आर्डोलिनो यांनी लपविले नाही. तालमीच्या एका दृश्यात जॉनीचा हात दंडावरून उतरताना तिला गुदगुल्या होऊन हसू येते आणि तो वैतागतो. ते हसू आणि तो वैताग खरेच घडलेले होते, आणि ते तसेच ठेवले गेले. आर्डोलिनो यांनी त्याआधी मुलांना नृत्य शिकविणाऱ्या एका मोठ्या नर्तकावर अनुबोधपट केला होता. शिकणारा देह कसा दिसतो हे त्यांना ठाऊक होते, यात नवल नाही.

पण या चित्रपटाचे मोल आणखी एका ठिकाणी आहे. बेबी नाच शिकते ती हौसेने नव्हे. जॉनीची जोडीदारीण पेनी ही येल विद्यापीठातील वैद्यकीच्या वाटेवर असलेल्या एका वेटरकडून गरोदर राहिली आहे, त्याने हात झटकले आहेत, आणि बेकायदा गर्भपात करणारा माणूस नेमका ज्या दिवशी येणार त्याच दिवशी तिचा प्रयोग आहे. बेबी वडिलांकडून कारण न सांगता अडीचशे डॉलर मागून आणते आणि पेनीच्या जागी उभी राहते. गर्भपात बिघडतो, मध्यरात्री डॉक्टरांना उठवावे लागते. १९६३ म्हणजे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा हक्क मान्य केला त्याआधीची दहा वर्षे. लेखिका एलिनॉर बर्गस्टाइन यांनी १९८७ साली हा भाग कथेच्या सांध्यातच बसविला, म्हणजे तो काढला की नायिकेला नाचावयास कारणच उरत नाही. २०२२ साली त्याच न्यायालयाने १९७३ चा निर्णय रद्द केला, तेव्हा ही 'पोरकट' गोष्ट पुष्कळांना नव्याने आठवली. ठरीव कथेचा हा एक उपयोग समीक्षकांच्या ध्यानात येत नाही. जे उघड सांगितले असता आईबापांनी मुलीला पाहू दिले नसते, ते या परिचित आणि निरुपद्रवी दिसणाऱ्या गोष्टीच्या आडून तिच्यापर्यंत पोचले.

आमच्या वाचकांना एक गोष्ट कदाचित इतरांहून लवकर उमगेल. या चित्रपटांतील नायक-नायिका बहुतेक वेळा परक्या गावात नव्याने आलेली असतात. 'फुटलूज' (१९८४) मधील रेन शिकागो सोडून बोमाँट नावाच्या आडगावी नातलगांकडे येतो. 'सेव्ह द लास्ट डान्स' मधील सेरा आई अपघातात वारल्यामुळे लहान गावातून शिकागोत वडिलांकडे येते, आणि जवळजवळ सगळी मुले कृष्णवर्णीय असलेल्या शाळेत दाखल होते. सत्राच्या मध्येच नवी शाळा, जेवणाच्या सुटीत कोणाशेजारी बसावे हे न कळणे, आपले उच्चार ऐकून मागच्या बाकावर उठणारी खसखस! दर तीन-चार वर्षांनी बदलीचा हुकूम घेऊन आपण नवे निवासस्थान गाठतो तेव्हा कचेरीत आपल्याला पदाची खुर्ची तरी मिळते. मुलांना शून्यापासून ओळख मिळवावी लागते. या चित्रपटांत ती ओळख भाषेवाचून मिळते. गुवाहाटीच्या किंवा भोपाळच्या शाळेत नव्याने गेलेल्या मराठी मुलीला स्नेहसंमेलनाच्या नाचात दुसऱ्या रांगेत का होईना जागा मिळाली, की घरी येतानाची तिची चाल बदललेली असते. या प्रकाराची ओढ तिला का वाटते याचे अर्धे उत्तर येथे आहे. जिच्या आयुष्यात पुढचे गाव कोणते हेही निश्चित नाही, तिला निश्चित शेवटाची गोष्ट आवडली तर तिच्या अभिरुचीला नावे ठेवण्याचा अधिकार निदान आपल्याला तरी नाही.

तरीही या प्रकारात खोटेपणा आहे, आणि तो सौम्य नाही. तो आहे परीक्षकांच्या मेजाशी. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांनी निवडमंडळापुढे उभे राहून पाहिले आहे, आणि कित्येकांनी मेजाच्या पलीकडची बाजूही सांभाळली आहे. त्यांनी 'सेव्ह द लास्ट डान्स' ची अखेर जरूर पाहावी. सेरा चाचणीत अडखळते. तिचा मित्र डेरेक थेट रंगमंचावर चढून तिला धीर देतो. मंडळ तिला पुन्हा संधी देते. आणि नाच संपताच एक परीक्षक, अधिकृतपणे सांगता येत नाही अशी प्रस्तावना करून, निकाल तेथल्या तेथे सांगून मोकळा होतो. नोकरीत आम्ही असे केले असते तर स्पष्टीकरण मागविणारे पत्र दुसऱ्या दिवशी मेजावर असते. 'फ्लॅशडान्स' मधील मंडळ कंटाळून बसलेले असते, मग हळूहळू पायाने ताल धरू लागते. आणि ॲलेक्सला ती चाचणी मिळते कशी? तिच्या प्रियकराने, जो तिचा मालकही आहे, कलामंडळातील ओळखीच्या माणसाला फोन केलेला असतो. सरळ मराठीत, वशिला. तिला ते कळते तेव्हा ती संतापते, आणि येथे क्षणभर चित्रपट खरा होतो. पण पुढे ती जातेच, नाचतेच, आणि वशिल्याचे सर्वांना विस्मरण होते. गुण दिसला की त्याची निवड होते, आणि मंडळाचे काळीज शेवटी पाघळते, अशी जी समजूत हे चित्रपट करून देतात ती सतरा वर्षांच्या मुलीला पुढे महाग पडते. नायिकेच्या आधी त्याच दाराने आत गेलेल्या आणि पाच मिनिटांत बाहेर आलेल्या मुलींचे काय झाले, हे कोणी विचारीत नाही.

'फुटलूज' या बाबतीत अधिक प्रामाणिक आहे. रेन नगरसभेपुढे नाचबंदीविरुद्ध बोलतो, बायबलमधील दाखले देतो, चांगले बोलतो. आणि सभा ठराव फेटाळते. नाच होतो तो गावाच्या हद्दीबाहेरच्या एका गिरणीत. हद्दीचा हा तोडगा ज्याने सुचविला त्याने कोठेतरी सरकारी नोकरी केली असली पाहिजे! ओक्लाहोमातील एल्मोर सिटी या खऱ्या गावात सार्वजनिक नाचाला एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बंदी होती, आणि १९८० साली तेथील शाळकरी मुलांच्या मागणीवरून ती उठली. कथेचे बीज तेथले. दिग्दर्शक हर्बर्ट रॉस स्वतः नृत्यरचनाकार होते.

'स्टेप अप' विषयी फार लिहिण्याजोगे नाही. नाट्यगृहाची मोडतोड केल्याबद्दल दोनशे तास सेवेची शिक्षा झालेला तरुण त्याच कलाशाळेत झाडलोट करता करता नायिकेचा जोडीदार होतो. चॅनिंग टेटम खरोखर नाचतो, ही जमेची बाजू. सुमारे १ कोटी २० लाख डॉलर खर्चून ११ कोटींहून अधिक मिळाले, आणि मग २०१४ पर्यंत एकूण पाच चित्रपट निघाले. त्यांत कथा पातळ होत गेली आणि नाच कवायतीसारखा. आपल्याकडे रेमो डिसूझा यांनी 'एबीसीडी' (२०१३) आणि 'एबीसीडी २' (२०१५) काढले. दुसऱ्याला वसई-नालासोपाऱ्याकडील तरुणांच्या हिप-हॉप संघाच्या हकिगतीचा आधार आहे; ती हकिगत चित्रपटाहून अधिक ऐकण्यासारखी आहे, एवढेच म्हणून पुढे जातो.

राहिला 'सेंटर स्टेज' (२०००). अभिनयाच्या दृष्टीने तो कच्चा आहे, कारण निकोलस हाय्टनर यांनी प्रमुख भूमिकांत नाचणारी माणसे घेतली आणि त्यांच्याकडून संवाद म्हणवून घेतले. ईथन स्टीफेल आणि साशा राडेत्स्की हे अमेरिकन बॅले थिएटरचे नर्तक, अमांडा शुल ही सॅन फ्रान्सिस्कोच्या बॅलेशाळेतील विद्यार्थिनी. त्यांना बोलताना पाहून संकोच वाटतो आणि नाचताना पाहून तो विरतो. सांगाडा तोच: न्यूयॉर्कची बॅलेसंस्था, वर्षअखेरचा प्रयोग, त्यातून मोजक्यांची निवड. नायिका जोडी हिच्या पायांची ठेवणच बॅलेला अनुकूल नाही असे गुरुजन तिला सांगतात. तिचे काय होते ते वाचकांनी ओळखले असेलच, आणि तेही थोडेसे चुकेल.

आम्हांस सांगावयाचे आहे ते मॉरीन या दुसऱ्या मुलीविषयी. ती वर्गात सर्वांत तयार. आई त्याच संस्थेत नोकरीस, आणि मुलीने तेथे उभे राहावे हा तिचा ध्यास. परीक्षकांची मर्जी आहे, निवड जवळजवळ ठरलेली आहे; आणि मुलगी खाल्लेले अन्न चोरून ओकून टाकीत आहे. प्रयोगाच्या रात्री तिच्या जागी ईव्हा उभी राहते, आणि मॉरीन आईला सांगते की आपल्याला हे नको आहे. मुलीने हा चित्रपट पुन्हा लावला, तर त्या दृश्याच्या वेळी फायली बाजूला ठेवून आपणही त्या मागच्या खोलीत जाऊन बसावे, असे आम्ही सुचवतो.